'शमा'चा अर्थ मराठीत लवकर कळतो

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या ६:४-५ या वचनांवरचे आहेत. मूळ हिब्रू ओळ अशी: 'शमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.' म्हणजे, ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक.

प्रश्न: 'शमा' म्हणजे फक्त ऐकणे का?

नाही. 'हा माझं ऐकतच नाही' असं आई म्हणते, तेव्हा तिची तक्रार मुलाच्या कानांबद्दल नसते. हिब्रूतही तसेच आहे. कानावर घेणे आणि सांगितलेले पाळणे, दोन्हींना हेच क्रियापद. 'श्रवण कर' भारदस्त खरे, पण त्यात पाळणे पटकन येत नाही. मला साधे 'ऐक' जास्त जवळचे वाटते.

प्रश्न: देवाचे नाव लिहिलेले य-ह-व-ह, मग वाचतात 'अदोनाय' कसे?

ते नाव उच्चारायचे नाही, ही ज्यू परंपरा. त्या जागी 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', असे वाचतात.

प्रश्न: तोराच्या (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या) हस्तलिखित गुंडाळीत या ओळीतली दोन अक्षरे मोठी का असतात?

'शमा'च्या शेवटचे आयिन आणि 'एहाद'च्या शेवटचे दालेत ही ती दोन अक्षरे. दालेत आणि रेश या हिब्रू अक्षरांचे वळण जवळजवळ सारखे: दालेतचा वरचा उजवा कोपरा टोकदार, रेशचा गोल. लिहिणाऱ्याच्या हातून तेवढा कोपरा गोल झाला, तर 'एहाद'चे 'अहेर' वाचले जाईल, आणि 'अहेर' म्हणजे दुसरा! 'एक देव' म्हणायच्या जागी 'दुसरा देव'. म्हणून दालेत ठळक, असे परंपरा सांगते. शिवाय दोन्ही अक्षरे जोडली की 'एद' होते, म्हणजे साक्षीदार. ओळ म्हणणारा देवाच्या एकत्वाचा साक्षीदार ठरतो, हा अर्थ मला फार भिडतो.

प्रश्न: पुढच्या वचनात देवावर 'पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने प्रीती कर' असे आहे; यातली 'शक्ती' मुळात कोणती?

मूळ शब्द 'मओद'. एरवी त्याचा अर्थ 'फार', 'अतिशय'. शब्दशः घ्यायचे तर 'तुझ्या साऱ्या अतिशयाने'! मिश्ना या जुन्या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, इथे धनदौलत असाही अर्थ लावला. त्याआधीचा 'नेफेश' म्हणजे जीव. मराठीत आपण जीव लावतो, तोच.

प्रश्न: कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे हीच ओळ टिकली होती का?

हो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली'. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, पण शनिवार, सुंता आणि 'शमा' त्यांनी सोडले नाही. सुंता असो, लग्न असो की मयत, म्हणायला हीच ओळ.