मार्क कोण विचारणार?

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा ऐकला. पहिल्यांदा कामात होते म्हणून नीट ऐकू आला नाही, आणि दुसऱ्यांदा ऐकला तो त्यातलं एक वाक्य टोचलं म्हणून. "मावशी, दहा वर्षांनी माझे नववीतले मार्क कोण विचारणार आहे?" आवाजात चिडचिड होती, पण प्रश्न रास्त आहे. फोनवर उत्तर दिलं असतं तर तुला ते भाषण वाटलं असतं, म्हणून लिहायला बसले. (लिहिलेलंही भाषणच असतं म्हणा, पण ते निदान मध्येच घडी घालून ठेवता येतं.)

आधी सरळ उत्तर देते. कोणीही विचारणार नाही. हिशेब तपासणीच्या कामात मला २६ वर्षं झाली. शाळेचं गुणपत्रक मी शेवटचं दाखवलं ते पहिल्या नोकरीच्या वेळी. त्यानंतर ते एका फायलीत गेलं आणि आता ती फाईलच सापडत नाही. आज मी स्वतः मुलाखती घेते, तेव्हा मलाही समोरच्याचे शाळेतले मार्क विचारावेसे वाटत नाहीत.

अभ्यासही हेच सांगतात. जोसेफ अल्टोंजी आणि चार्ल्स पियरेट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली दाखवून दिलं की नव्या माणसाला कामावर घेताना मालक त्याच्या शिक्षणाच्या कागदांवर विसंबतो, कारण त्याच्या हातात दुसरं काही नसतं. पण वर्षं जातात तसं कागदांचं वजन उतरत जातं आणि त्या माणसाला खरोखर काय येतं, त्यावर पगार हलू लागतो.

म्हणजे तू म्हणतेस तेच, असं तुला वाटेल. थांब. जेम्स रोझेनबॉम नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतली अशी मुलं पाहिली, जी शाळा संपल्यावर पुढे पदवी न घेता कामाला लागली. शाळा सुटल्या सुटल्या त्यांच्या मार्कांचा आणि पगाराचा फारसा मेळ दिसत नव्हता. दहाएक वर्षांनी मात्र तो चांगलाच दिसू लागला. हे वाचलं तेव्हा मला एकदम उलगडलं की तुझ्या वयाची मुलं असं का बोलतात. अठरा-एकोणिसाव्या वर्षी आजूबाजूला बघितलं, तर मन लावून शिकलेला आणि टिवल्याबावल्या केलेला एकाच टेबलावर, एकाच पगारावर बसलेले असतात. खातं उशिरा उघडतं, आणि तोवर आपण निकाल लावून मोकळे झालेलो असतो.

मग मार्क कोणी बघत नाही, तर दहा वर्षांनी वर येतं ते काय? ते मी माझ्या टेबलावर पाहिलंय.

मागे आमच्याकडे दोन मुलं नवीन लागली होती. एका संध्याकाळी मालाची यादी आणि वहीतली बेरीज जुळेना. फरक ६३०. याद्या हाताने लिहिलेल्या, त्यावरून कोणीतरी आकडे कॉम्प्युटरवर चढवलेले, शेकडो ओळी. पहिल्याने न बोलता पहिल्या ओळीपासून टिकमार्क करायला घेतलं. कष्टाळू मुलगा, त्यात काही वाद नाही. दुसरी नुसतीच बसून कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडत होती. मला वाटलं, कंटाळली. दोन मिनिटांनी ती म्हणाली, "मॅडम, ६३० ला ९ ने भाग जातो. कुठेतरी दोन अंक उलटे पडले असतील."

ही युक्ती आमच्या धंद्यात जुनी आहे, पुष्कळांना पाठ असते. पण ती तिथेच थांबली नाही. तिने पुढे मांडलं होतं: शेजारचे दोन अंक अ आणि ब धरले, तर खरी संख्या १०अ + ब, उलटी लिहिलेली १०ब + अ, वजाबाकी ९(अ − ब). इथे फरक ६३०, म्हणजे ९० गुणिले ७. म्हणजे गडबड शतक आणि दशक या घरांत, आणि त्या दोन अंकांत ७ चा फरक हवा. अशा जोड्या तीनच: ० आणि ७, १ आणि ८, २ आणि ९. तिने फक्त तेवढ्याच ओळींवर बोट फिरवलं आणि २८१० च्या जागी २१८० पडलेलं काढून दाखवलं. पहिला मुलगा तेव्हा दुसऱ्या पानावर होता.

(प्रत्येक फरकाला हे औषध लागू पडत नाही. कधी एखादी रक्कम भलत्याच बाजूला चढलेली असते, तेव्हा फरक त्या रकमेच्या दुप्पट दिसतो. पण तो वेगळा विषय, आणि त्यावर मी सुरू झाले तर पत्र संपायचं नाही.)

मी विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, शाळेत बीजगणितात असं एक उदाहरण होतं, आणि दरवेळी ९ च का येतात ते कळेपर्यंत तिला चैन पडलं नव्हतं. तिला त्या पेपरात किती मार्क मिळाले ते मी विचारलं नाही, आजही मला माहीत नाही. पुढे अवघड काम आलं की माझ्या तोंडी आधी तिचं नाव यायला लागलं. अवघड काम जिच्याकडे जातं ती जास्त शिकते, जी जास्त शिकते तिला त्याहून अवघड काम मिळतं, आणि पगार त्याच्यामागून येतो. दोघांमधलं अंतर पहिल्या वर्षी मोजता आलं नसतं. सहाव्या वर्षी मोजायची गरज उरली नाही.

आता आकडे. तुला ते हवे असतात हे मला माहीत आहे. मायामी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या शाळांचे मार्क आणि पुढची कमाई ताडून पाहिली. तिथे ४ पैकी सरासरी देतात. त्या सरासरीत १ ची भर पडली, की मोठेपणी वर्षाची कमाई पुरुषांची सुमारे १२ टक्क्यांनी आणि बायकांची सुमारे १४ टक्क्यांनी जास्त दिसली. शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की कमाई किती वाढते, याचे जगभर अभ्यास झालेत, त्यांची सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास येते. पण माझ्या धंद्याची सवय म्हणून सांगते, सरासरीला चेहरा नसतो. घरची परिस्थिती, शाळा कशी मिळाली, कोणत्या मंदीत तू नोकरी शोधायला बाहेर पडलीस, हे सगळं त्यात कालवलेलं असतं. कष्ट केले म्हणजे १४ टक्के हातावर पडतीलच, असं कोणी लिहून देत नाही.

आणि त्या मायामीच्या अभ्यासातली एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. बरेच चांगले मार्क असलेल्या बायकांची सरासरी कमाई त्यांच्याहून कमी मार्कांच्या पुरुषांपेक्षा कमी निघाली. हे वाचून मी चिडले होते. तूही चीड. पण त्याचा राग अभ्यासावर काढू नकोस. त्यात तुझंच नुकसान.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांचा अभ्यास. अमेरिकेत १९४२ साली जीईडी नावाची परीक्षा सुरू झाली, महायुद्धात शाळा अर्धवट राहिलेल्या सैनिकांसाठी. ती पास झालं की शाळा पूर्ण केल्याच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळतं. हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, तर बुद्धीच्या चाचणीत हे लोक शाळा पूर्ण करून थांबलेल्यांच्या बरोबरीचे होते. कमाईत मात्र ते शाळा अर्धवट सोडलेल्यांच्या जवळपास राहिले. डोकं तेच, कागदही मिळालेला, मग कमी काय पडलं? हेकमन यांचं उत्तर असं की वेळेवर येणं, कंटाळवाणं काम तडीला नेणं, जमत नसतानाही सोडून न देणं, या गोष्टी परीक्षेच्या काही तासांत मोजता येत नाहीत. त्या रोजच्या रोज घडतात, किंवा घडत नाहीत.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. मी भूमितीच्या सिद्धता मैत्रिणीच्या वहीतून उतरवायचे. अक्षर चांगलं, वही स्वच्छ, शेरा 'उत्तम'. गणित सोडायची पहिली संधी मिळाली त्या दिवशी ते सोडलं, आणि सुटले म्हणून मनातून नाचले. तेव्हा एकही दार वाजलं नाही. दारं बंद होताना आवाज येत नाही, हीच त्यातली लबाडी. बाराएक वर्षांनी बढतीसाठी एक परीक्षा द्यायची होती आणि तिच्यात संख्याशास्त्र होतं. दिवसभर ऑफिस, मग रात्री माझ्यापेक्षा वयाने कितीतरी लहान मुलाकडे शिकवणी. तो इतक्या सौजन्याने 'हे शाळेत झालं असेल ना?' असं विचारायचा की मला वहीत तोंड खुपसावंसं वाटायचं. जमलं शेवटी, दुसऱ्या खेपेला. जे शिकायला पंधराव्या वर्षी चार महिने लागले असते, त्याला दीड वर्ष लागलं, आणि दोन बढत्या समोरून निघून गेल्या.

म्हणून 'एकदा मार्क पडले की आयुष्य संपलं' असं जे तुला घरात ऐकू येतं ना, त्यावर मुळीच विश्वास ठेवू नकोस. काही संपत नाही. नंतर सगळं शिकता येतं, फक्त महाग पडतं. तुझ्या वयात वेळ तुझ्याकडे आहे आणि चुकलीस तर पगार कापला जात नाही. चुकण्यासाठी एवढी स्वस्त जागा पुन्हा मिळत नाही.

कसं करायचं, हे विचारलं नव्हतंस, तरी दोन गोष्टी सांगते. धडा पुन्हा पुन्हा वाचणं बंद कर. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो परत वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ५६. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, ते फसवं असतं. पुस्तक मिटून कोरा कागद समोर घे. सुरुवातीला लाज वाटेल इतकं कमी आठवेल, पण तोच खरा अभ्यास.

दुसरी, चुकांची वही. चुकलेलं उदाहरण एका बाजूला, आणि का चुकलं ते समोर एका ओळीत. 'घाईत चुकलं' असं लिहायचं नाही, ते कारण नव्हे. 'चिन्ह बदलायचं विसरले' हे कारण. माझ्या ऑफिसात मी हीच वही ठेवते, आजही.

आणि झोप काढ. तुझ्या वयाला रात्री ८ ते १० तास लागतात. रात्री दोनपर्यंत दिवा जळतो म्हणून तुझं कौतुक होत असेल, तर मी त्यात नाही.

आता एक काम. तीन अंकी संख्या घे, तिचा पहिला आणि शेवटचा अंक एकमेकांच्या जागी ठेव. दोन संख्यांच्या फरकाला नेहमी कोणत्या संख्येने भाग जाईल? उत्तर मला माहीत आहे, ते नको. तू ते कुठून सुरू केलंस, कुठे अडलीस आणि कशी सुटलीस, ते सगळ्या खाडाखोडीसकट कागदाचा फोटो काढून पाठव.

तुझी,
मावशी