वाटीभर म्हणजे किती

प्रिय ईरा,

शनिवारी रव्याच्या लाडवांचा भुगा झाला तेव्हा तू चिडून विचारलंस, "बाबा, तुमच्याकडे कुणाला नीट मोजताच येत नव्हतं का?" आजीनं फोनवर सांगितलेली कृती आईच्या वहीत आहे. तिच्यात 'दोन वाट्या रवा, सव्वा वाटी साखर, तूप लागेल तसं' एवढंच लिहिलंय. वाटी म्हणजे किती हे तू शोधायला गेलीस. एका ठिकाणी वाटी म्हणजे एक कप, दुसऱ्या ठिकाणी १५० मिलीलिटर, तिसऱ्या ठिकाणी २००. रव्याला तू कप लावलास आणि साखरेला १५०. मग लाडू वळणार कसे! मी तेव्हा हसण्यावारी नेलं, पण प्रश्न लागला. म्हणून हे लिहितोय. वाचायला वेळ लागेल, अडलं तर आईला विचार. इंग्रजीत लिहायला बसलो की माझं पत्र न होता ऑफिसचा मेल होतो.

आधी तुझी बाजू. वहीत लिहून ठेवलेली कृती वाचणाऱ्याला कळली पाहिजे, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण तुझ्या कपाचीही एकदा चौकशी कर. आपल्या मेलबर्नचा कप २५० मिलीलिटरचा. अमेरिकेतला साधारण २३७ चा, आणि त्यांच्याच डब्यांवरच्या पोषणाच्या तक्त्यात तो २४० चा होतो. जपानी स्वयंपाकात कप २०० चा, आणि राइस कुकरसोबत मिळणारा तो छोटा कप १८० चा. इथला मोठा चमचा २० मिलीलिटरचा, अमेरिकेतला १५ चा. माप सपाट करून घ्यायचं, हा आग्रह अमेरिकेत घरोघरी पोचला तो बॉस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पुस्तकामुळे. त्याआधी तिथल्या आज्याही 'अंड्याएवढं लोणी' असंच सांगायच्या. हे मी वाद जिंकायला सांगत नाहीये. थोडंसं त्यासाठीही असेल.

आता गावचं. कोरेगावच्या अलीकडे जो फाटा फुटतो तिथलं आपलं जुनं घर तुला आठवतं का? गोठ्यातल्या वासराला तू बिस्किट चारलं होतंस. त्या घरात मोजणं भरपूर होतं. मोठीआई, म्हणजे तुझी पणजी, तिच्या खोलीत कणग्यांच्या शेजारी मापं ओळीनं मांडलेली असायची. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही चालवता यावं अशी ही सोय, अर्धं हवं असेल तर धाकटं माप उचलायचं. तुला गंमत वाटेल, पायलीत सोळा चिपटी मावतात आणि अमेरिकेच्या गॅलनमध्ये सोळा कप. तिकडेही दोन कपांचा पिंट, दोन पिंटांचा क्वार्ट, चार क्वार्टांचा गॅलन.

१९५६ साली देशात वजनमापांचा नवा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आणि लिटर आले. दुकानातून शेर गेला, पण खळ्यावरची पायली काही हलली नाही. माझ्या लहानपणीही ज्वारी पायलीनंच मोजत. मोजणारा पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. मग दोन, तीन, चार. मी शेजारी बसून भिंतीवर कोळशानं रेघा ओढायचो. गावागावांतली पायली थोडीफार वेगळी असायची, त्यावरून भांडणंही व्हायची. 'मापात पाप' हे आमच्याकडे उगाच म्हणत नाहीत.

मला खरं सांगायचंय ते चिपट्याचं. मोठीआईचं चिपटं पितळी होतं, काठाखाली दोन वळ्या, आणि बूड एका बाजूला जरासं चेपलेलं. रोज सकाळी तुझी आजी आणि तिची थोरली जाऊ, आमची नानीकाकू, टोपली घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या. आज बाजरी किती, तांदूळ किती, हे मोठीआई ठरवणार. ती चिपटं कणगीत बुडवून भरून काढायची आणि उजव्या हाताचा तळवा काठावरून सर्रकन फिरवायची. वरचे दाणे पुन्हा कणगीत. हे सपाट माप. कामाला आलेल्या बायकांना धान्य द्यायचं असलं की तोच हात उलटं करायचा. वरून आणखी ओतून, दाणे काठावरून घसरायला लागेपर्यंत शीग लावायचा. राबणाऱ्याच्या मापाला हात फिरवायचा नाही, असा तिचा नेम होता. सुनांना मात्र सपाट. अवचित पाहुणा आला तर अर्धं चिपटं जास्तीचं मागावं लागे, आणि मागताना पाहुणा कोण, कुठला, राहणार का, हेही सांगावं लागे.

सायलीताईच्या लग्नात तू पाहिलंस ना, नवरी उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडून आत येते? "तांदूळ सांडायचे कशाला?" असं तू विचारलं होतंस, आणि कुणीतरी काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. आजीही त्याच घरात तसंच माप लवंडून आली. पुढे कितीतरी वर्षं त्या मापाला हात लावायची मुभा तिला नव्हती.

मोठीआईला खलनायिका करू नकोस. आजी लग्न होऊन आली आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ पडला. भरलेलं घर, तळाला गेलेल्या कणग्या. त्या दिवसांत कुणी उपाशी झोपलं नाही ते त्या सपाट फिरणाऱ्या हातामुळे, असं नानीकाकू शेवटपर्यंत सांगायची. आजी यावर काही बोलत नाही. कुणाचं खरं, मला ठरवता येत नाही. दोघींचंही असेल.

पुढे आजोबांची बदली साताऱ्याला झाली आणि दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटलं. तिथे कणगी नव्हती, माप नव्हतं. डबे होते आणि आजीच्या रुखवतातली स्टीलची वाटी होती. काठाजवळ ठिपक्याठिपक्यांनी तिच्या मामाचं नाव घातलेली. त्या घरात मी आजीला कधी मोजताना पाहिलं नाही. ती वाटी घ्यायची खरी, पण पिठात, रव्यात खुपसून जी वर येईल ती. मीठ चिमटीनं, तेल पळीनं, शेंगदाणे मुठीनं. मेलबर्नला आल्यावर मी तिला फोन करून आमटी विचारायचो. "चिंच किती?" "घाल अंदाजानं." "पाणी?" "दिसेल की तुला." तेव्हा मलाही तुझ्याइतकाच राग यायचा.

अलीकडे मला वाटतं, न मोजणं हे तिनं स्वतःपुरतं ठरवून घेतलं असावं. विचारलं तर "काहीतरीच तुझं" म्हणेल. कदाचित हा मी इथे बसून लावलेला अर्थ असेल. लांब राहणाऱ्यांना अशी सवय लागतेच.

शिवाय अंदाज काही आकाशातून पडत नाही. वत्सलाआत्या आजीच्या शेजारी उभी राहून शिकली. रवा खमंग भाजला की वास कसा येतो, पाक दोन बोटांत धरून ताणला की एक तार कशी येते, हे तिनं रोज पाहिलं. मला 'जा खेळायला' म्हणून बाहेर पिटाळलं जायचं. मी मुलगा होतो ना. म्हणजे 'अंदाजानं' ही पद्धत चालायची ती घरातली एक मुलगी कायम चुलीपाशी उभी असायची म्हणून. ते तसंच राहायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. तू वजनकाटा काढून बसतेस, ते मला आवडतं.

म्हणून काल सकाळी मी आत्याला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, आजीची ती वाटी काढ आणि अर्धा लिटर दुधाची पिशवी फोड. आत्यानं वाटी काठोकाठ भरली, पातेल्यात ओतली. दुसरी भरली, ओतली. तिसरी भरली, ओतली. पिशवी पिळल्यावर चौथ्या वाटीच्या तळाला बोटाच्या पेराहूनही कमी दूध आलं. म्हणजे वाटी साधारण १६० मिलीलिटरची. मागून आजीचा आवाज, "सकाळी सकाळी दुधाचा काय खेळ मांडलाय?"

तर हिशेब असा. रवा ३२० मिलीलिटर, म्हणजे आपल्या कपानं सव्वा कप आणि वर जरासा. साखर २००, म्हणजे पाऊण कपाला थोडी वर. तुपाचं आजीला खोदून विचारलं, तेव्हा "अर्ध्या वाटीपासून सुरू कर, लाडू वळेना तर सोड आणखी" म्हणाली. अर्धी वाटी म्हणजे ८० मिलीलिटर, इथले बरोबर चार मोठे चमचे. कृती अमेरिकेतली असेल तर त्यांच्या चार चमच्यांत ६० च भरतात, तिथे फसू नकोस. पाकाला पाणी साखर बुडेल इतकंच, त्याला मिलीलिटर मागू नकोस, पातेलं किती पसरट त्यावर ते ठरतं. आणि खरं तर वाटी कुठलीही घेतलीस तरी चाललं असतं, फक्त रव्याला आणि साखरेला एकच हवी. दोनाला सव्वा, हे सांभाळलं की झालं.

मिलीलिटरचे ग्रॅम करायला जाशील तेव्हा मात्र जिन्नस बघून कर. २५० मिलीलिटरच्या कपात पाणी २५० ग्रॅम, बारीक साखर २२० च्या आसपास आणि मैदा १५० च्या. सगळ्याला एकच आकडा लावणारे तक्ते इंटरनेटवर पुष्कळ आहेत.

एक घोळ मात्र राहिलाच. मी आकडे वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाली, "रवा काय असा सपाट घेतात होय? चांगली शिगोशीग भरायची वाटी." साखर? तीही शिगोशीग. दोन्हीला शीग, म्हणून प्रमाण फारसं बिघडत नाही, पण वाटीभर म्हणजे १६० हे काही खरं राहिलं नाही. दुधानं हे कळणारही नव्हतं, दुधाला शीग लागत नाही. आपल्याकडची ती लहान स्टीलची वाटी जवळपास तेवढीच आहे. तिच्यात रवा शीग लावून भर आणि काट्यावर ठेव, मग सपाट करून पुन्हा ठेव. आत्याकडे काटा नाही, त्यामुळे हे काम तुझ्याकडेच आलं. तुझ्या आकड्यावर वहीतली कृती ग्रॅममध्ये लिहून काढू. आजीची ओळ खोडायची नाही, शेजारी लिहायचं. नको वाटलं तर राहू दे, माझी सक्ती नाही.

येत्या शनिवारी मी घरी आहे. रवा मी भाजतो, पाक तू कर. आणि आजीला फोन करशील तेव्हा तिला एक उत्तर द्यायचंय. आत्याच्या सुनेनं तिला केकची कृती पाठवलीय, त्यात 'दीड कप मैदा' आहे, आणि कप म्हणजे किती वाट्या हे तिला कुणी धड सांगत नाहीये. तो कप कुठल्या देशातला, हे आधी विचार.

तुझा,
बाबा