ईएलसीबी पडतो, पण कितव्या मिनिटाला?

प्रश्न : आमच्या हॉट टबचा पंप चालू केला की आठ-दहा मिनिटं छान चालतो आणि मग ईएलसीबी, म्हणजे सेफ्टीचा खटका, पडतो. लगेच वर केला तर राहत नाही. दोन-तीन तासांनी राहतो, पण परत आठ-दहा मिनिटांत तेच. इलेक्ट्रिशियननं ईएलसीबी बदलून पाहिला, फरक नाही. आता तो म्हणतो, पंपच नवा घ्या. पंपाखाली थोडं पाणी दिसतं, पण ते टबातून उडालेलं असावं. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही 'पण' लावून शेवटी टाकून दिलीत. पाण्याकडे येतोच. त्याआधी एक सांगतो, हा घोळ मिटेपर्यंत टबात कोणी उतरायचं नाही. आणि 'तात्पुरता ईएलसीबी काढून डायरेक्ट देतो' असं कोणी म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की एमसीबी हा दुसरा खटका पडतो. ईएलसीबीचा हिशेब वेगळा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. घरात बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढा फरक पडला की तो पडणारच. म्हणजे तुमच्याकडे करंट कुठून तरी अर्थला गळतोय. नवा ईएलसीबीही पडला, याचा अर्थ दोघंही खरं बोलत होते.

आता वेळ. चालू करताच पडला असता तर वायर किंवा टर्मिनल आधी उघडायला सांगितलं असतं. आठ-दहा मिनिटांनी पडतो म्हणजे काहीतरी तापल्यावर नाहीतर भिजल्यावर गळतंय. तापणारा संशयित हीटर, भिजणारी मोटर.

माझी खोड आधी मोटर धरायची, कारण उभा जन्म वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तार, भरण्यात गेला. त्याच खोडीपायी एकदा अशाच टबाची धडधाकट मोटर सोडवून आणली, सगळी नव्यानं भरली, नेऊन लावली आणि नवव्या मिनिटाला खटका पडला. हीटरच्या कॉइलच्या नळीला केसाएवढी चीर होती. गार असताना काही नाही, तापली की चीर उघडायची. मजुरी मागायला तोंड नव्हतं. तेव्हापासून हीटर आधी सोडवतो.

तुमच्या इलेक्ट्रिशियनलाही तेच सांगा. मेन बंद करायचा, टेस्टरच्या दिव्यावर न विसंबता मीटरनं खात्री करायची, हीटरच्या दोन्ही वायरी सोडून टोकांना टेप मारायची आणि टब भरलेला ठेवून नुसता पंप चालवायचा. अर्धा तास टिकला तर हीटर बदला, पंपाला हात लावू नका. पडला तर मोटर.

माझा अंदाज मोटरचाच आहे, त्या पाण्यामुळे. उडालेलं पाणी चहूकडे पसरतं. सप्लाय बंद करून मोटरखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा, मग पंप चालवा. चालू असताना हात घालायचा नाही. पंप बंद झाला की मेन उतरवून कागद बघा. मोटर आणि पंप जिथे जोडलेत, नेमक्या त्या फटीखाली ओला गोल उमटला, तर शाफ्टचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्याचं, पाणी अडवणारं सील गेलंय. तिथे पांढरी खरपुडी किंवा तांबूस ओघळ असेल तर बरेच दिवस गळतंय. पंप फिरताना ते पाणी शाफ्टवरून पुढच्या बेअरिंगमध्ये आणि तिथून वाइंडिंगकडे जातं. बंद पडल्यावर मोटरच्याच उष्णतेनं ओल सुकते, म्हणून दोन-तीन तासांनी खटका राहतो.

खात्रीला वाइंडिंग आणि बॉडीमध्ये ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावायचा. साधा मल्टिमीटर इथे फसवतो; त्याच्या बॅटरीच्या चार-दोन व्होल्टला ही गळती दिसत नाही. मोटर नुकतीच पडलेली असताना मोजा, सुकल्यावर नाही. एक मेगओहमच्या खाली काटा आला तर सप्लाय द्यायचा नाही.

नवा पंप? एवढ्यात नको. वाइंडिंग काळं पडलेलं नसेल तर मोटर उघडून सुकवा, मेगर पुन्हा बघा, सील आणि पुढचं बेअरिंग दोन्ही बदला. सीलचे दोन्ही भाग नवे हवेत, आणि बसवताना त्यांच्या चकचकीत तोंडाला बोट लावू देऊ नका. बोटाचं तेल लागलं तरी ते गळू शकतं. नुसती मोटर सुकवून सील जुनंच ठेवलं, तर पुढचं पत्र तुम्ही पुन्हा मलाच लिहाल.

प्रश्न : पंप नुसता घुमतो, फिरत नाही. मोटर जळली का?

उत्तर : घुमते म्हणजे करंट पोचतोय. जास्त वेळ घुमू दिलीत तर मात्र खरंच जळेल. सप्लाय बंद करा आणि मागच्या पंख्याच्या बाजूनं शाफ्ट हातानं फिरवून बघा. अडकला तर पंपात कचरा आहे किंवा बेअरिंग जाम. सहज फिरला तर मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कंडेन्सर (कपॅसिटर) बहुतेक गेलाय. तो बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. आणि जुन्याला हात लावण्याआधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा. सप्लाय काढल्यावरही तो चांगला झटका देतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची हौस माझीही होती, डाव्या अंगठ्यावर खूण आहे.