शाळेतला बुद्धिबळ क्लब: वाचकांचे प्रश्न

पाचवी ते आठवीच्या 30 मुलांनी क्लबसाठी नावे दिली आहेत. मुख्याध्यापक सामान घ्यायला तयार आहेत. किती आणि काय घ्यावे? आठवड्यातून किती वेळा जमावे? — एक शिक्षिका, सातारा जिल्हा

30 नावे आली म्हणून 15 संच घेऊ नका. दिवाळीच्या सुटीनंतर हजेरी उतरतेच. 12 संच खेळायला आणि त्याच बनावटीचा एक संच सुट्या सोंगट्यांसाठी, एवढ्यावर भागते. कधी सगळी मुले आली तर उरलेल्या सहांना कोडी द्या किंवा दुसऱ्याच्या डावातल्या खेळ्या लिहायला बसवा. सगळे संच एकाच बनावटीचे हवेत, म्हणजे एका डब्यातला हरवलेला घोडा दुसरीकडून भरता येतो. तीन दुकानांतून तीन प्रकार आणले की वर्षअखेर एकही संच पुरा राहत नाही.

राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि पटावरचे घर 5 ते 6 सेंटिमीटरचे, हे स्पर्धेचे माप. पट गुंडाळता येणारा घ्या. घडीचे पट बिजागरीपाशी आधी मोडतात. दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर असलेला, म्हणजे 34 सोंगट्यांचा संच मिळाला तर तोच घ्या. नाहीतर प्यादे शेवटच्या घरात पोचले की मुले हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणू लागतात, आणि बाहेरच्या पहिल्याच स्पर्धेत पंच सांगतो की उलटा हत्ती हा हत्तीच.

शाळेच्या बाकाची फळी बहुधा पटापेक्षा अरुंद असते, आणि उतरती असेल तर सोंगट्या घसरतात. वाचनालयाची टेबले मिळाली तर उत्तम. नाहीतर सरळ सतरंजी अंथरा. पाचवी-सहावीची मुले खाली बसून जास्त वेळ नीट खेळतात.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, शाळा सुटल्यावर एक तास. मधल्या सुटीच्या वीस मिनिटांत क्लब घ्यायच्या फंदात पडू नका, डाव अर्धवट राहतात. बहुतेक क्लब इथेच ढेपाळतात: मुलाला आपण जिंकलो की हरलो हे कळतच नाही, मग पुढच्या आठवड्यात यायचे कशाला? पहिली दहा मिनिटे फळ्यावर एकच स्थिती, मग चाळीस मिनिटे डाव, शेवटची दहा आवराआवरीला.

बुद्धिबळाची घड्याळे, म्हणजे दोघांचा वेळ वेगवेगळा मोजणारी, बारा नकोत, चार पुरतात. सगळे डाव घड्याळाशिवाय सुरू करायचे. पंचवीस मिनिटांनी जे डाव रेंगाळलेले दिसतील त्यांच्या शेजारी घड्याळ ठेवायचे आणि दोघांना 5-5 मिनिटे लावायची. दहा मिनिटांत निकाल लागतो. सोंगट्यांचे गुण मोजून विजेता ठरवण्याची पद्धत सोपी वाटते, पण मुले मग मात करायची सोडून प्यादी गोळा करत बसतात.

काही मुले घरी आजोबांकडून शिकून आली आहेत. ती म्हणतात प्यादे एकच घर चालते, राजा एकदा घोड्यासारखा उडी मारतो. रोज वाद होतात. — एक शिक्षक, कोकण

आजोबा चुकलेले नाहीत. ती देशी पद्धत आहे. तिच्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर जाते. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. आणि प्यादे ज्या मोहऱ्याच्या पट्टीत शेवटच्या घरी पोचेल तोच मोहरा होतो. मुलांना हे असेच सांगा. ‘तुझ्या आजोबांना येत नाही’ असा सूर लागला तर मूल पुढच्या वेळी येत नाही. क्लबात मात्र आंतरराष्ट्रीय नियम, कारण स्पर्धा त्याच नियमांनी होतात.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत चार ओळी लावा. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या. आपल्या ज्या सोंगटीला हात लागला ती खेळायची. नुसती सरळ करायची असेल तर आधी ‘नीट ठेवतो’ म्हणायचे. मात झाली असे वाटले की पटाला हात न लावता हात वर करायचा. पहिल्या ओळीकडे दुर्लक्ष करू नका: पट आडवा मांडून अख्खा डाव खेळलेली जोडी दर आठवड्याला एखादी तरी सापडते.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. एक जण ‘मात!’ म्हणून ओरडतो, दुसरा घाबरून सोंगट्या गोळा करतो, आणि राजाला जायला घर होते हे नंतर कळते. दोघांनी मान्य करून पट मोडला की तो निकाल कायम. म्हणून शिक्षकाने पाहीपर्यंत पट तसाच राहू द्यायचा.

मला स्वतःला सोंगट्यांच्या चालींपलीकडे काही येत नाही. मी क्लब चालवू शकते का? — एक शिक्षिका, नांदेड

हो. क्लब चालवायला शिस्त आणि हजेरीपट लागतो, पदव्या नाहीत. पहिले दोन महिने शिकवायचे एवढेच: दोन हत्तींनी मात, राजा-वजीर विरुद्ध एकटा राजा, मग राजा-हत्ती. वजिराने मात करताना मुले हमखास स्टेलमेट करतात. समोरच्या राजाला जायला घर नाही पण शहही नाही, म्हणजे जिंकलेला डाव बरोबरीत. वजीर सरकवण्याआधी ‘याला जायला घर आहे का?’ असे मनात विचारायची सवय लावा.

दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी व्हिडिओ पाहून चार खेळ्यांची मात शिकून येईल आणि सगळ्यांना हरवत सुटेल. त्याच दिवशी उतारा फळ्यावर मांडा. (अक्षर म्हणजे पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच उभी पट्टी, आकडा म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली आडवी ओळ.) दोघांची प्यादी ई4 आणि ई5 वर, पांढऱ्याचा उंट सी4 वर, काळ्याचा घोडा सी6 वर, पांढऱ्याचा वजीर एच5 वर. वजिराला हुसकायला काळा हमखास दुसरा घोडा एफ6 वर काढतो आणि तिथेच फसतो: एफ7 च्या प्याद्याला राजाशिवाय कोणाचा जोर नाही, वजीर ते मारतो आणि मात. आधी जी6 ला प्यादे ढकलायचे. वजीर एफ3 ला गेला की मग घोडा एफ6 वर. आता काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आहेत आणि पांढऱ्याचा वजीर उगाच हिंडतो आहे.

दर वेळी तीच चार मुले जिंकतात. बाकीची कंटाळून येईनाशी झाली, मुली तर जवळजवळ सगळ्याच गेल्या. — एक मुख्याध्यापक, पुणे

जोड्या तुम्ही लावता की मुले आपापल्या लावतात? मुलांवर सोडले तर मित्र मित्राशी बसतो, नाहीतर चांगला खेळणारा सोपे गिऱ्हाईक शोधतो. यावर शिडी लावा. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर नावे लिहून भिंतीवर एकाखाली एक अडकवायची. प्रत्येकाला आपल्या वरच्या तीन जणांपैकी कोणालाही आव्हान देता येते. खालचा जिंकला तर तो वरच्याची जागा घेतो आणि मधले सगळे एकेक पायरी उतरतात. हरला किंवा बरोबरी झाली तर बदल नाही. तीच जोडी दोन आठवड्यांत पुन्हा नको, आणि आलेले पहिले आव्हान नाकारता येत नाही. हा शेवटचा नियम नसला तर वरची दोन-तीन मुले पोटात दुखायच्या सबबी काढून पायरी सांभाळत बसतात. शिडीवर विसाव्या क्रमांकाचा मुलगा अठराव्याशी खेळतो, म्हणजे त्याला जिंकायची खरी संधी मिळते.

वरच्याला खालच्याशी बसवायचेच असेल तर वजीर काढून खेळायला लावू नका, त्याने डावाचे वळणच बदलते. वेळ कमी द्या: त्याला 5 मिनिटे, समोरच्याला 15.

मुलींबद्दल. वीस मुलांत एकटी मुलगी टिकत नाही, चार-पाच जणी एकत्र असल्या की टिकतात. म्हणून सुरुवातीलाच मैत्रिणींच्या जोडीने नावे घ्या, आणि क्लबप्रमुख दोन नेमा, एक मुलगा, एक मुलगी. 1974 मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिचे पहिले दशक मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या तीन बहिणींनीच गाजवले. तिघींनाही तोडीचा प्रतिस्पर्धी घरातच होता. 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकलेल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे पोस्टर लावाच, पण नुसत्या पोस्टरने मुली परत येत नाहीत; शेजारच्या पटावर मैत्रीण असेल तर येतात.

सोंगट्या हरवतात. उपाय? — एक शिक्षक, जळगाव

पट आणि पिशवी दोन्हींवर एकच क्रमांक घाला. डाव संपला की पट मांडून दाखवायचा, मग दप्तर उचलायचे. रिकामे घर लांबूनही दिसते; पिशवीतल्या 32 सोंगट्या कोणी मोजत नाही.

एका शनिवारी 26 मुलांची स्पर्धा घ्यायची आहे. बाद पद्धत ठेवू का? — एक क्रीडाशिक्षक, अहिल्यानगर

बाद पद्धतीत निम्मी मुले पहिल्या अर्ध्या तासात घरी जातात किंवा व्हरांड्यात दंगा करतात. साखळी घ्यायची तर 25 फेऱ्या होतील. स्विस पद्धत घ्या, तिच्यात कोणी बाद होत नाही आणि दर फेरीला समान गुणांचे एकमेकांशी खेळतात. पाच फेऱ्यांत 32 पर्यंत खेळाडू बसतात आणि सर्व डाव जिंकणारा जास्तीत जास्त एकच उरतो. प्रत्येकी 15 मिनिटे, म्हणजे फेरी अर्ध्या तासाची, जोड्या लावायला पंधरा मिनिटे. साडेआठला सुरू केलेत तर सव्वाबारापर्यंत फेऱ्या संपतात. 13 पटांना 13 घड्याळे लागतात, तेव्हा शेजारच्या शाळेकडून किंवा तालुक्याच्या मंडळाकडून मागून आणा.

प्रत्येक मुलाचे एक कार्ड करा: नाव, फेरीवार प्रतिस्पर्धी, रंग, गुण. पहिल्या फेरीत, खेळाच्या ताकदीने क्रम लावून, वरचा अर्धा गट खालच्या अर्ध्याशी. पुढे समान गुणांचे एकमेकांशी, एकदा खेळलेली जोडी पुन्हा नाही, आणि लागोपाठ तिसऱ्यांदा तोच रंग शक्यतो नको. संख्या विषम झाली तर सर्वांत कमी गुण असलेल्याला बाय (त्या फेरीत डाव नाही) आणि एक गुण, पण एकाच मुलाला दोनदा नाही.

गोंधळ होतो तो निकाल नोंदवताना. हरलेला पाणी प्यायला जातो, जिंकलेला एकटाच येऊन सांगतो, किंवा दोघेही ‘मी जिंकलो’ म्हणतात. दोघांनी मिळून चिठ्ठीवर सह्या करून दिल्याशिवाय निकाल घेऊ नका. गुण सारखे झाले तर प्रत्येकाच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज करा, ज्याची जास्त तो वर. ही पद्धत पहिली फेरी सुरू होण्याआधी फळ्यावर लिहून ठेवा. बक्षिसांच्या वेळी जाहीर केली तर पालक टेबलाभोवती जमतात.