कमरेला लावायच्या चाकूबद्दल

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद. कमरेला लावायचा चाकू घरी बनवायचा म्हणून तू केलेली सामानाची यादी वाचली. दमास्कस, म्हणजे थरांची नक्षी दिसणारं पोलाद आहे, स्टेनलेस आहे, पावडर दाबून केलेलं महागडं स्टीलही आहे. या चाकूने कापायचं काय, तेवढं मात्र कुठे सापडलं नाही. रोज जवळ बाळगायचा चाकू सुतळी, खोकी, आंबा, फार तर एखादी फांदी कापणार. त्याला सात-आठ सेंटिमीटरचं पातं पुष्कळ झालं. कोकणातला शेतकरी कमरेच्या आकडीला कोयती अडकवून दिवसभर हिंडतो, त्यात शोभेचा भाग किती असतो ते एकदा नीट बघ.

सुरुवातीला साधं कार्बन स्टील घे. त्यातलं १०८४ नंबरचं मिळालं तर उत्तम. कार्बन सुमारे ०.८४ टक्के, आणि घरगुती भट्टीत ते फारसं छळत नाही. भंगारातला गाडीचा कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी) स्वस्त पडतो आणि लोहार त्याचे चांगले कोयते करतात, पण आतली बारीक चीर बाहेरून दिसत नाही, शिवाय ते नेमकं कुठलं स्टील हेही कळत नाही. ईएन ३१ वर, म्हणजे बेअरिंगच्या स्टीलवर, इतक्यात उडी नको. त्याला नेमक्या तापमानावर काही मिनिटं धरून ठेवावं लागतं, ते विटांच्या भट्टीत साधत नाही.

पाठीची जाडी अडीच-तीन मिलिमीटर. नवशिक्यांना पाच मिलिमीटरच्या पट्टीचा मोह होतो. असला चाकू सफरचंद कापत नाही, फोडतो. तयार चाकूत धारेच्या लगत अर्ध्या मिलिमीटरहून कमी जाडी हवी. पण पाणी देण्याआधी, म्हणजे पातं तापवून झटकन थंड करून कडक करण्याआधी, तिथे एक मिलिमीटर शिल्लक ठेव, नाहीतर पातं पिळवटतं.

पाणी द्यायला तेल वापर. साध्या पाण्यात इतकं पातळ पातं तडकू शकतं. हे काम अंधार पडल्यावर कर, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा रंग कळतो. जवळ चुंबक टांगून ठेव. ७७० अंशांच्या सुमारास पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या जरासं पुढे, साधारण ८१५ अंशांना, पातं बाहेर काढायचं. टोक पातळ असल्यामुळे ते आधी लाल होतं, म्हणून भट्टीत पातं सतत पुढे-मागे करत राहा. शेंगदाण्याचं तेल चालतं, फक्त आधी ५०-६० अंशांपर्यंत गरम करून घे. पातं टोकाकडून सरळ आत जाऊ दे आणि वर-खालीच हलव. आडवं हलवलंस की वाकलंच. तेल पेट घेतं, तेव्हा भांडं लोखंडी हवं आणि त्याचं झाकण हाताशी हवं. निवल्यावर धारेवर कानस फिरव. काचेवरून घसरावी तशी ती घसरली तर जमलं.

या अवस्थेत पातं इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तरी तुटेल. त्याच रात्री ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेव, निवू दे, पुन्हा दोन तास. घासून चमकवलेल्या जागी फिकट पिवळा रंग दिसेल. पुढे मशीनवर घासताना पात्यावर निळा डाग पडला, तर तिथला कडकपणा गेला म्हणून समज. म्हणून पातं उघड्या हाताने धर आणि दर खेपेला पाण्यात बुडव.

मुठीला शिसव किंवा बाभूळ, पितळी सळईच्या दोन पिना, हळू सुकणारं अराल्डाइट. बोटांच्या खाचा पाडू नकोस, त्या एकाच पकडीला बसतात.

म्यानाला तू यादीत एक ओळ दिली आहेस. माझ्या मते निम्मं काम तेच. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात; तसलं चामडं शोध. बॅगांचं मऊ, क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं ओलं करून आकार धरत नाही. चामडं भिजव, चाकूला प्लॅस्टिक गुंडाळून आत घाल, बोटांनी दाबून बसव आणि सावलीत वाळव. धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याचीच एक पट्टी शिवायला विसरू नकोस, नाहीतर धार आतून टाके कापत राहते. शिलाई आरीने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांची. एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. फिनलंडमधल्या पुक्को नावाच्या पारंपरिक कमरेच्या चाकूचं म्यान जरूर बघ. त्यात मुठीचाही बराच भाग आत जातो, बटणाशिवाय चाकू घट्ट राहतो. पावसाळ्यात घरी आल्यावर चाकू म्यानातून काढून पुसायचा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. दमट चामड्यात कार्बन स्टील बघता बघता गंजतं.

आता कायद्याचं. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा शस्त्र म्हणून उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तुझं पातं त्या मापात येत नाही, तरी दुधारी करू नकोस, ते खंजीर समजलं जाऊ शकतं. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्या काळात साधा चाकूही सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही. सणासुदीला, निवडणुकीत तुझ्या जिल्ह्यात आदेश आहे का ते आधी बघ, आणि असला तर चाकू घरी ठेव.

तुझा,
काका