दरवर्षी लेवीयपाशी अडखळणाऱ्या ताईंना

पत्र थोडक्यात असं: ताई नगर जिल्ह्यातल्या, वय 36, दवाखान्यात परिचारिका. ड्युटी पाळीची, मुलं दोन. गेली चार वर्षं 31 डिसेंबरच्या वॉचनाइट उपासनेत (वर्ष सरताना चर्चमध्ये रात्री होणाऱ्या प्रार्थनेत) त्या देवासमोर ठरवतात: पहाटे 4 वाजता उठून तासभर प्रार्थना, वर्षभरात संपूर्ण बायबल, दर शुक्रवारी निर्जळी उपवास, पगाराचा दशांश, म्हणजे दहावा भाग, देवाला. फेब्रुवारी उजाडेपर्यंत सगळं मोडलेलं असतं. ‘नवस केलास तर तो फेडण्यास उशीर करू नकोस’ हे बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकातलं वचन त्यांना झोपू देत नाही. मुलांना ख्रिस्ती मूल्यं कोणत्या तोंडाने शिकवू, असं त्या विचारतात. शेवटी ता. क. म्हणून एक ओळ आहे: ‘घराच्या वाटणीवरून जावेशी दोन वर्षं बोलणं नाही. प्रभुभोजन घेताना हात थरथरतो.’ (प्रभुभोजन म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा चर्चमधला विधी.)

प्रिय ताई,

जय ख्रिस्त.

तुम्ही ताज्या कलमात लिहिलेल्या त्या एका ओळीकडे मी शेवटी येते. आधी फेब्रुवारीचं बघू, कारण त्यात तुमच्या विश्वासाचा दोष फार थोडा आहे आणि हिशेबाचा जास्त.

बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय होतात. उत्पत्ती आणि निर्गम या पहिल्या दोन पुस्तकांचे 50 आणि 40 अध्याय संपून लेवीय हे तिसरं पुस्तक सुरू होतं साधारण 28 जानेवारीला. त्याच्या आधीच निर्गमात निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं, पडदे, कड्या दोनदा येऊन गेलेल्या असतात. मग लेवीयातले होम, यज्ञबली, शुद्धाशुद्धतेचे नियम. त्यात रात्रपाळीचा आठवडा आला की तीन दिवस सुटतात आणि दहा अध्यायांची थकबाकी होते. इथे पुष्कळ जण थांबतात. थकबाकी वाढली की वाचन कर्जासारखं वाटू लागतं, आणि माणूस सावकाराचं दार टाळतो तसं बायबल टाळू लागतो.

म्हणून यंदा मार्काचं शुभवर्तमान घ्या, येशूचं चरित्र सांगणारं छोटं पुस्तक. 16 अध्याय, सुमारे 675 वचनं. रोज 16 वचनं वाचली की सहा आठवड्यांत शुभवर्तमान पूर्ण होतं. एखादा दिवस सुटला तर सुटला. दुसऱ्या दिवशी पुढचा भाग वाचा, मागचा भरून काढू नका. हा नियम मोडू नका, बाकीचे मोडले तरी चालतील. वाचून झाल्यावर ज्या वचनापाशी मन अडलं ते एक वहीत उतरवा. जुन्या भाषांतराची भाषा जड वाटत असेल तर सोप्या मराठीतलं घ्या, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून वर्षानुवर्षं भाषांतराचं काम केलं, ते साध्या बाईला शास्त्र स्वतः वाचून कळावं म्हणूनच.

पहाटे चारचा आग्रह सोडा. मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थना करतो हे खरं. पण लूकचं शुभवर्तमान सांगतं की एकदा त्याने डोंगरावर सारी रात्र प्रार्थनेत घालवली. कायम आहे तो एकांत, घटका बदलते. पाळीची नोकरी असलेल्या बाईने प्रार्थना घड्याळाला बांधली की ती दर आठवड्याला तुटणारच. ती रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा: डबे भरून झाले की, किंवा ड्युटीवरून येऊन हातपाय धुतले की. दहा मिनिटं पुरेत. सहा आठवडे टिकली तर पंधरा करा.

उपवासाबद्दल परिचारिकेला काय सांगायचं, तरी सांगते: रात्रपाळीनंतर निर्जळी नको. एक जेवण सोडा, पाणी प्या, आणि त्या जेवणाचे पैसे वेगळ्या डब्यात टाकून महिन्याअखेरी गरजूला द्या. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 58व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगितलाय, त्यात भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं आहे. दशांशाचं यजमानांशी बोलून ठरवा. कर्जाचे हप्ते चालू असतील तर पेलेल तेवढ्यापासून सुरुवात करा. करिंथ गावच्या मंडळीला पाठवलेल्या पत्रात प्रेषित पौल ‘ज्याने त्याने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे’ असं लिहितो, कुरकुरत देऊ नये असंही.

आता मूल्यांचं. तुमच्या चारही संकल्पांत मोजता येणारी गोष्ट आहे: तास, अध्याय, शुक्रवार, टक्के. आपण कशा प्रकारची माणसं होऊ इच्छितो, हे त्यांत कुठेच नाही. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ नऊ शब्दांत दिलंय: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. घरच्यांसोबत बसून त्यातले फक्त दोन निवडा. नऊच्या नऊ भिंतीवर चिकटवले की आठवड्यात ते कॅलेंडरइतकेच नजरेआड होतात. मग प्रत्येकाला घरातलं एक काम जोडा. सौम्यता म्हणजे ड्युटीवरून आल्यावर पहिली दहा मिनिटं मुलांवर आवाज चढवायचा नाही. विश्वासूपणा म्हणजे ‘आलेच’ म्हटलं की यायचं. आवाज चढलाच तर मुलांची माफी मागा, त्यांच्या देखत. कोणत्या तोंडाने शिकवू असं विचारलंत ना, त्याच तोंडाने.

रात्री निजण्याआधी पाच मिनिटं दिवस उलगडून बघा: आज देवाचे आभार कशाबद्दल, चुकलं कुठे, उद्या काय मागायचं. 16व्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली ही आत्मपरीक्षेची रीत कॅथलिकांची म्हणून सोडून देऊ नका, कुठल्याही मंडळीतल्या माणसाला ती सोपी जाते. फक्त चुकांची यादी करत बसू नका. आभारांपासूनच सुरू करायचं, नाहीतर तुमच्यासारख्या स्वतःवर कठोर असलेल्या बाईला ती रोजची शिक्षा होईल.

आणि मोडलेले नवस? तुमच्या चर्चच्या पाळकांकडे (धर्मगुरूंकडे) जा, चारही वर्षांचं स्पष्ट सांगा, त्यांच्याबरोबर प्रार्थना करून क्षमा मागा आणि ते ओझं तिथेच ठेवून या. यापुढे नवस बोलू नका. ‘प्रभू, तुझ्या साहाय्याने मी प्रयत्न करीन’ एवढंच म्हणा. उपदेशकही तेच सांगतो: नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा.

आता ता. क. मला वाटतं, तुमचं खरं पत्र तेच आहे. पहाटे चारला उठणं अवघड आहे, पण जावेच्या दारी जाण्याइतकं नाही, म्हणून वर्षानुवर्षं अवघडातलं सोपं निवडलं गेलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी समेट करायला जा म्हणतो. एकट्या जा. फोनवर नको, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर वचन टाकून तर मुळीच नको. वाटणीचा विषय त्या दिवशी काढू नका. तो वडीलधाऱ्यांपुढे किंवा वकिलाकडे वेगळा सुटेल, आणि क्षमा मागितली म्हणजे हिस्सा सोडला असं होत नाही. तुमच्या तोंडून गेलेला नेमका शब्द आठवा आणि त्याबद्दल माफी मागा. वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नका, ‘पण’ आला की समोरच्याला फक्त त्याच्या पुढचंच ऐकू येतं.

त्यांनी दार लावून घेतलं तर? पौल रोमकरांना लिहितो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीने राहा. तुमच्याकडचं झालेलं असेल. सणाला फराळाचा डबा पाठवत राहा, मुलांना एकमेकांत खेळू द्या, आणि प्रभुभोजनापासून दूर राहू नका. स्वतःची परीक्षा करावी, असं पौल म्हणतो, आणि पुढे लगेच, मग त्या भाकरीतून खावं.

1 जानेवारीची वाट बघू नका. येत्या रविवारी मार्क सुरू करा. जावेकडे त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी जाऊन या.