पंचवीस हजारांत लॅपटॉप: नवा घ्यावा की वापरलेला?

प्रश्न: माझी मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. एक्सेल, टॅली आणि ऑनलाइन तासिकांसाठी तिला लॅपटॉप हवा आहे. पंचवीस हजारांपलीकडे जाणे आम्हाला शक्य नाही. दुकानदार ४ जीबी रॅमचा नवा, सेलेरॉन प्रोसेसर असलेला लॅपटॉप सुचवतो, तर माझा भाऊ वापरलेला ‘आय-फाइव्ह’ घ्या म्हणतो. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, कळवा

उत्तर: भावाचे ऐकावे, पण प्रोसेसरची पिढी तपासूनच. दुकानदार सुचवतो त्या वर्गातील बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (मोबाइलसारखी चिपमधली) साठवण मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असते, त्यामुळे पुढे यंत्र अडखळू लागले तरी त्यात काही वाढवता येत नाही. याउलट ऐरोली-महापे पट्ट्यातील असोत वा अन्य कुठल्या, मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात आणि ते दुरुस्त होऊन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून बाजारात येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यांतली नेहमीची नावे. बांधणी दणकट असते आणि सुटे भाग सहज मिळतात.

आता पिढीविषयी. ‘आय-फाइव्ह’ एवढे ऐकून पैसे देऊ नयेत. त्यापुढील आकडा पाहावा. आय-फाइव्ह ७२००यू हा सातव्या पिढीचा, दोन कोअरचा (कोअर म्हणजे काम करणारा गाभा) प्रोसेसर आहे, तर ८२५०यू आठव्या पिढीचा आणि चार कोअरचा. विंडोज १० चा नियमित आधार (म्हणजे सुरक्षेची अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखादा अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. काही विक्रेते पळवाट काढून जुन्या यंत्रातही विंडोज ११ घालून देतात, म्हणून पडद्यावर ते दिसले एवढ्यावर समाधान मानू नये. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ उघडून प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी (वेगवान साठवण) यांच्याखाली उतरू नये.

बॅटरीबाबत विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढता येतो, तो समोर काढून घ्यावा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ ५०,००० आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ३०,००० दिसली, तर क्षमता साठ टक्केच उरली आहे असे समजून नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वळती करून घ्यावी. यंत्र बंद-चालू करून बायोसला (यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला) जुन्या कंपनीचा पासवर्ड तर नाही ना, हेही पाहावे.

विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या क्रोमबुकचा मोह टाळावा, कारण टॅली विंडोजवर चालते. टॅलीप्राइमचा एज्युकेशनल मोड विनामूल्य आहे. त्यात महिन्यातील ठरावीक तारखांनाच नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुरते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर निवड अधिक मिळेल, हे खरे. तरीही भावात फार फरक नसेल तर ठाण्यातीलच दुकान बरे, कारण वॉरंटीसाठी हेलपाटे मुलीलाच घालावे लागतील. जीएसटीचे बिल घ्यावे, त्यावर सीरियल क्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी, आणि तो क्रमांक लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावा.